दानम्मा पाण्यात, चंद्रप्पा होडीत

चंद्रप्पा टेलरला पाण्याची भीती इतकी, की अंघोळीलासुद्धा तो बादलीकडं पाठ करून बसतो, असं त्याची बायको दानम्मा सांगायची. त्यात तिखटमीठ किती ते सोडा. पण विहिरीच्या काठाला हा माणूस कधी उभा राहिला नाही, एवढं रेणापुरात सगळ्यांना माहीत. तोच चंद्रप्पा फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी तलावात, मासेमारी करणाऱ्या पंढरीच्या होडीत, मांडीवर घडी घातलेली शाल घेऊन बसला होता. दोन्ही हातांनी फळी धरलेली. आणि जिच्यासाठी बसला होता ती अजून पाण्यात उतरलीच नव्हती. काठावर तिच्या सत्काराची तयारी चालली होती.

दानम्मा मूळची निलंग्याकडची. बापाच्या शेतातल्या विहिरीत पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकली. भावांच्या आधी तिचा भोपळा सुटला, आणि न्हाण आलं तशी अव्वानं म्हणजे आईनं तिची विहीरच बंद केली. त्यानंतर लग्न, साक्षीचा जन्म, दुकानातली काजं-बटणं. पोहणं येतं हे ती जवळजवळ विसरून गेली होती. दोन वर्षांमागं डाव्या छातीत गाठ निघाली.

उपचार नांदेडला केले. लातूर जवळ होतं, पण लातूरला अर्धं रेणापूर रोज जातं; कोण कुठल्या जिन्यात भेटेल सांगता येत नाही. गावात सांगितलं, दानम्मा बहिणीकडं गेली. बहिणीकडं कसली, ती वॉर्डात आणि चंद्रप्पा दवाखान्याच्या जिन्याखाली. तिथंच शेजारी चटई टाकून शेषेराव गुरुजी झोपायचे. त्यांची बायको त्याच वॉर्डात होती. ती परत आली नाही. गुरुजींनी मग रडत बसण्याऐवजी संस्था काढली: कॅन्सरच्या पेशंटसोबत येणाऱ्या माणसांसाठी दवाखान्याजवळ राहायच्या खोल्या बांधायच्या. दानम्माची छाती काढावी लागली, पण ती घरी आली. हात आखडू नये म्हणून डॉक्टरांनी हालचाल सांगितली होती. ती भावाच्या विहिरीत उतरली आणि हात सुटला. एक दिवस गुरुजींना म्हणाली, "मला भाषण येत न्हाई गुरुजी. पोहायला येतंय. तलाव पार करते, तुम्ही पैशे गोळा करा."

लोकांना गंमत वाटली. साडीतली बाई तलाव पोहणार म्हटल्यावर व्यापारी, मास्तर, कारखान्याचे लोक, सगळ्यांनी देणगीचे आकडे घातले. पण सगळ्यांची अट एकच: पार गेली तर. आणि होडीला हात लावायचा नाही. ती स्वतः पेशंट होती हे मात्र गुरुजींखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक होऊ द्यायचं नव्हतं, कारण साक्षीचं औशाला जमत आलं होतं. मुलाची आई तारामती बोलायला गोड, नजरेला बारीक. आईला असला आजार म्हटल्यावर लेकीला कोण करून घेईल, हा घोर चंद्रप्पाला रात्रंदिवस.

एवढा घोर असलेल्या माणसानं काय करावं? गप्प बसावं. यानं औशाला फोन करून पाहुण्यांना बोलावलं. बायकोचा सत्कार होणार, फोटो पेपरात येणार, घराची इज्जत पाहुण्यांनी डोळ्यांनी बघावी म्हणून. फोन ठेवला आणि मग त्याला आपली चूक कळली.

कारण एरवी दानम्मा ब्लाउजच्या आत एक पिशवी घालायची. चंद्रप्पानंच शिवलेली. आत कापूस, आणि दोन्ही बाजू सारख्या वाटाव्यात म्हणून वजनाला मूठभर ज्वारी. माप इतकं बरोबर की सख्ख्या जावेला शंका आली नाही. पण विहिरीत ती पिशवी कधी घालत नव्हती.

"पाण्यात कशाला ते?" दानम्मा म्हणाली.

"पाहुणे येणार हायत. फोटो निघतेत. ओल्या कपड्यात सगळं दिसतं."

"दिसू दे की. मी पोहायला चालले, नटायला न्हाई."

"लेकीचं बघ जरा."

यावर ती गप्प झाली. लेकीचं नाव काढलं की ती गप्प होणार हे त्याला माहीत होतं आणि म्हणूनच त्यानं ते काढलं होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी घाईघाईनं त्यानं नव्या कापडाची अंगाबरोबर बंडी शिवली, पिशवी आतून दुहेरी टीप मारून पक्की केली, पाण्यात सुटू नये म्हणून. वर पूर्ण बाह्यांचा कुर्ता. पलीकडच्या काठाला ती उभी राहिली की होडीतून उतरून लगेच शाल पांघरायची, असं ठरलं.

ठरल्याप्रमाणं ती दिवस उगवताच पाण्यात असायला हवी होती. पंढरी चार दिवसांपासून सांगत होता, ऊन चढलं की या तलावावर वारं सुटतं. पण आपल्याकडं पाहुणा आल्याशिवाय नारळ फुटत नाही, आणि पाहुणा पुढारी असला तर नारळालाच कोंब फुटायची वेळ येते. पुढारी आले तेव्हा ऊन चांगलं चटकायला लागलं होतं. मग हार, फेटे, माइकची खरखर, आणि प्रत्येकाचे दोन शब्द, जे दोन कधीच नसतात. दानम्मा कोपऱ्यातल्या खुर्चीत फेटा बांधून बसली होती. तारामती पहिल्या रांगेत. चंद्रप्पा होडीतून बघत होता आणि होडी हळूहळू डुलायला लागली होती.

"वारं सुटलं," पंढरी म्हणाला.

शेवटी नारळ फुटला आणि दानम्मा पाण्यात शिरली. फेटा साक्षीच्या हातात दिला, मागं वळून बघितलं नाही. लोक टाळ्या वाजवून जीपगाड्यांकडं पळाले, रस्त्यानं पलीकडचा काठ गाठायला. पाण्यावर होडी आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर दानम्माचं डोकं, एवढंच उरलं.

सुरुवातीला ती अशी सपसप चालली की चंद्रप्पाची फळीवरची पकड जरा सैल झाली. हीच का ती, जिला दवाखान्यात पाण्याचा पेला उचलवत नव्हता, असं त्याच्या मनात आलं. पण मध्यावर पोचल्यावर लाटा तोंडावर यायला लागल्या. उजवा हात वर येत होता, डावा नुसता पाण्यात चाचपडत होता. ती सरळ जाईना, गोल फिरायला लागली.

"काय झालं?" चंद्रप्पानं विचारलं.

"हात उचलंना झालाय," ती धापा टाकत म्हणाली. "बंडी आवळायली. श्वास पुरंना."

आणि चंद्रप्पाच्या डोक्यात लख्ख पडलं. कोरं कापड. आयुष्यभर गिऱ्हाइकांना तो सांगत आला होता, कोरं कापड आधी भिजवा, आटतं, मग शिवायला आणा. आणि स्वतःच्या बायकोची बंडी त्यानं कोऱ्या कापडाची शिवली होती, तीही अंगाबरोबर. बाहेरून बंडी आटत होती आणि आतून ज्वारी फुगत होती. फास त्यानंच शिवला होता, दुहेरी टीप मारून.

तेवढ्यात दानम्मा उताणी झाली आणि हात पसरून निपचित पडली. चंद्रप्पा तिच्या नावानं ओरडला.

"विसावा घ्यायली," पंढरी म्हणाला. "पण लई वेळ न्हाई टिकायची अशी. वर घेऊ का? तुम्ही म्हणा."

एक शब्द म्हणायचा होता. हो म्हटलं की ती होडीत, अंगावर शाल, जीव वाचला, गुपितही राहिलं. लोक म्हणाले असते, बाईनं लई प्रयत्न केला पण वारं आडवं आलं. फक्त खोल्या गेल्या असत्या. चंद्रप्पाला तो शब्द म्हणायचा होता. अगदी जिभेवर आला होता.

"होडीला हात लावणार न्हाई मी," आकाशाकडं बघत दानम्मा म्हणाली. "ती पिशवी काढा. मग जाते."

"आणि पाहुणे?"

एक लाट तिच्या तोंडावरून गेली, तिनं पाणी थुंकलं.

"जिन्याखाली कोण झोपलं होतं?" तिनं विचारलं. "मी का तुम्ही?"

थंडीच्या दिवसांत तो जिन्याखाली झोपला होता. येणारा-जाणारा अंगावरून जायचा आणि वर वॉर्डात कोण ओरडलं की ती दानम्मा तर नव्हे, म्हणून तो उठून बसायचा. चंद्रप्पानं शर्टाच्या खिशात हात घातला. दोरे तोडायची लहान कात्री कुठंही गेला तरी त्याच्या खिशात असायची.

"पंढरी, होडी तिच्या अंगाला लावू नको. जवळ घे फक्त. आणि माझे पाय धर."

पंढरीनं पाय धरले आणि तोंड दुसरीकडं वळवलं. चंद्रप्पा फळीवर पालथा पडला. खाली हिरवं काळं पाणी, नाकाला भिडणारं. डोळे मिटायची सोय नव्हती, कारण टीप दिसायला पाहिजे होती. त्यानं काखेखालची कुर्त्याची शिवण उसवली, बंडीची उसवली, आत बोटं घालून पिशवीचा दोरा शोधला. स्वतःच्या हातची शिवण, बोटांनी लगेच ओळखली. कच, कच. पिशवी फाटली आणि फुगलेली ज्वारी पाण्यात सांडली. दानम्मानं खोल श्वास घेतला, एवढा की तिचं अख्खं अंग पाण्यावर उचललं गेलं.

"मासे जेवतेत आज," पंढरी तिकडंच बघत म्हणाला.

दानम्मा पालथी झाली. डावा हात वर आला. अर्धाच, पण आला. राहिलेलं अंतर ती कशी गेली ते चंद्रप्पाला नीट सांगता येत नाही. दर लाटेला ती दिसेनाशी व्हायची आणि हा मनातल्या मनात महादेवाला हाका मारायचा. रिकामी पिशवी त्याच्या मुठीत होती. काठ जवळ आला, माणसं दिसायला लागली, पहिल्या रांगेत तारामतीची मोरपिशी साडी दिसली, आणि एक भीती संपायच्या आत दुसरी चालू झाली.

होडी टेकायच्या आधीच तो शाल घेऊन गुडघाभर पाण्यात उतरला. दानम्मा उभी राहिली. कुर्ता अंगाला चिकटलेला, काखेखाली उसवलेला, डावी बाजू सपाट. टाळ्या वाजत होत्या, त्या मध्येच विरळ झाल्या. कुणाला सांगायची गरज उरली नव्हती. चंद्रप्पानं शाल पुढं केली. दानम्मानं ती घेतली आणि शांतपणे डोकं पुसायला लागली.

तारामती एकटक बघत होती. मग तिनं पदर सावरला, मुलाच्या बापाला कोपरानं खुणावलं, आणि दोघं जीपकडं गेली. साक्षीनं ते पाहिलं. ती आईजवळ येऊन उभी राहिली आणि तिनं आईचा हात धरला.

माइकवर शेषेराव गुरुजी घाबरेघुबरे होऊन बोलत होते. गुपित राखायचा शब्द दिला होता बिचाऱ्यांनी. "कुठलाही स्वार्थ नसताना, केवळ समाजासाठी..." चंद्रप्पानं त्यांच्या हातातून माइक घेतला. जन्मात त्यानं माइक धरला नव्हता.

"स्वार्थ होता," तो म्हणाला. "माझ्या बायकोला कॅन्सर झालता. आम्ही लपवलं. लपवायला मी ही पिशवी शिवली, आणि आज हिच्यापायी ती बुडाली असती." त्यानं मूठ वर केली. मग जे येत होतं तेच बोलला. "कुणाला अशी लागत असंल तर दुकानावर या. शिवून देतो. पैशे घेणार न्हाई. पण पाण्यात घालू नका."

खोल्यांचे पैसे जमले. अट पुरी झाली होती, कुणी मागं सरलं नाही. पण औशाचा फोन आला नाही. चंद्रप्पा मशीनवर बसायचा आणि फोन वाजला की टीप वाकडी जायची. साक्षी काही बोलत नव्हती, आणि तेच त्याला जास्त लागत होतं. बोलली असती तर बरं झालं असतं. दानम्मा म्हणायची, "जे व्हायचं ते हुईल, जेवा." त्याला घास गिळवत नव्हता.

मग एका बाजारच्या दिवशी दुपारी दुकानासमोर रिक्षा थांबली आणि तारामती उतरली, एकटी. चंद्रप्पा उठून उभा राहिला. नकार द्यायला स्वतः आली, मोठ्या मनाची बाई, असं त्याला वाटलं. आतून दानम्मा पाण्याचा तांब्या घेऊन आली. तारामतीनं पाणी घेतलं, पण प्यायली नाही. दुकानात आलेली गिऱ्हाईक बाई ब्लाउज घेऊन जाईपर्यंत ती स्टुलावर बसून राहिली.

"तुम्ही आम्हाला सांगायला पाहिजे होतं," मग ती म्हणाली.

"हाव," दानम्मा म्हणाली. "पाहिजे होतं."

तारामतीनं पिशवीतून एक जुना ब्लाउज काढला आणि चंद्रप्पासमोर मशीनवर ठेवला.

"मापाला आणलाय. माझ्या थोरल्या बहिणीचा हाय. उजवीकडची काढलीय." तिची नजर ब्लाउजवरच होती. "तीन वर्सं झाली, ती घराबाहेर पडत न्हाई. आम्ही पण तुम्हाला सांगितलं नव्हतं."

साक्षी आतल्या दारात येऊन उभी होती. दानम्मानं दुसरं स्टूल ओढलं आणि तारामतीच्या शेजारी बसली. चंद्रप्पानं ब्लाउज उलगडून माप घेतलं, कपाटातून पांढरं कोरं कापड काढलं आणि आधी ते बादलीत भिजत घातलं.