कोठीमागची बरणी

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या जुन्या मोंढ्याच्या बाजारात, त्यांनीच करून दिलेली यादी हातात घेऊन उभी होते. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत, असं घरून सांगितलं. यादीतलं सगळं घेऊन झालं होतं, हिंग तेवढा राहिला होता. आणि मी, काय सांगू… हिंग घेऊनच ऑटोत बसले. नाही नेला तर अक्का विचारतील ना! त्या आता विचारणार नाहीत, हे डोक्यात शिरायला घर यावं लागलं.

अक्का म्हणजे माझी मोठी जाऊ. माहेर हिमायतनगरचं, शिक्षण सातवीपर्यंत. मी बी.एड. झालेली, नव्या नवरीच्या तोऱ्यात त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले, त्याला आता बावीस वर्षं झाली. तिथे प्रत्येक जिन्नसाची जोडी होती. एक डबा वापरात, दुसरा तोंड बांधून मागे. पुढचा संपला की मागचा पुढे यायचा आणि त्याच दिवशी यादीत त्या जिन्नसाचं नाव चढायचं. रविवारी दुपारी त्या कॅलेंडरच्या जुन्या पानामागे आठवड्याच्या भाज्या लिहून काढायच्या. शेंगदाण्याचा कूट, सोललेला लसूण, निवडलेली मेथी… सगळं त्याच दिवशी हातावेगळं. उन्हाळ्यात तुरीच्या डाळीला एरंडेल लागायचं, ज्वारीत कडुलिंबाचा पाला जायचा. हे घर आहे की किराणा दुकान, असं मी नवऱ्याजवळ पुटपुटायचे.

पहिल्याच वर्षी माझी फजिती झाली, ती येसरापायी. येसर म्हणजे ज्वारी, गहू नि हरभऱ्याची डाळ खमंग भाजून, मसाला घालून दळलेलं पीठ. फोडणीच्या उकळत्या पाण्यात कालवून सोडलं की दहा मिनिटांत आमटी. वापरातली बरणी मी खरवडली, मागची उघडली, तीही मैत्रिणींना वाटून संपवली आणि कुणाला बोलले नाही. एका संध्याकाळी लोह्याहून सात माणसं जेवायला हजर. मी रडकुंडीला आले. अक्कांनी वाकून तांदळाच्या कोठीमागे हात घातला आणि भरलेली तिसरी बरणी बाहेर काढली. पाहुणे गेल्यावर म्हणाल्या,

"तू या घरात येणार ठरलं ना, तवाच भरून ठेवली. शिकलेली पोरगी हाय, इसरणार, हे ठाऊक होतं मला."

राग आला, लई आला. हसू यायला तीन दिवस लागले. पुढे दर उन्हाळ्यात माझ्या नावची ती तिसरी बरणी भरली जायचीच. मी कुरकुरायचे, त्या ऐकायच्या नाहीत.

पण खरं सांगते, मला शाळेत नोकरी करता आली ती त्या जोड्यांच्या जिवावर. सकाळी साडेनऊला मी निघायचे. घरात अमुक संपलं म्हणून एक दिवस थांबावं लागलं नाही. पोरांना ताप आला तर औषध कपाटात, गॅस संपला तर दुसरी टाकी भरलेली. तुम्हाला कंटाळा येत नाही का हो, असं एकदा विचारलं, तर लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "रोज उठून बाजारात पळायचा येतो की. म्हणून तर एकदाच करून राहिले."

दिवसकार्य उरकलं आणि नणंदबाई म्हणाल्या, आता तुझी शाळा सुटते बघ, एवढं घर कोण बघणार. मला तीच धास्ती होती. नोकरीची नऊ वर्षं राहिलेली, आणि ओट्यापाशी उभं राहिलं की आधी कुठला डबा उघडायचा तेच कळायचं नाही. त्यात येसराची वापरातली बरणी संपली. मागची, तोंडाला अक्कांच्या साडीचा तुकडा बांधलेली… ती काही मला उघडवेना. महिनाभर बाजारच्या पुडीवर भागवलं.

गेल्या आठवड्यात अक्कांच्या मुलासाठी ठरलेल्या मुलीचे आईवडील न सांगता आले, तेही लोह्याचेच! लग्न वर्षाच्या आत उरकायचं, त्याचं बोलायला. जेवणाची वेळ झालेली, पुडीही संपलेली. माझे मोठे दीर, आमचे दादा, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"उघड बाई," म्हणाले. "तिनं खायलाच भरली होती."

उघडली. वास आला आणि ओट्याला धरून रडले. मग आमटी केली.

पाहुणे गेल्यावर नियमाप्रमाणे तिसरी बरणी पुढे घ्यायला कोठीमागे हात घातला. बरणी होती. ओढली तर हलकी. घासून, पुसून, कोरडी करून पालथी ठेवलेली. या उन्हाळ्यात अक्कांनी दोनच भरल्या होत्या. विसरल्या असतील? त्या बाई? शक्यच नाही. एकवीस उन्हाळे माझ्यासाठी तिसरी भरली, आणि या वर्षी त्यांना तिची गरज वाटली नाही. मला एका शब्दाने सांगितलंही नाही. मग उठून नणंदबाईंना फोन केला आणि शाळा सुटणार नाही म्हणून सांगितलं.

या रविवारी ज्वारी भाजली. दोन बरण्या भरून तोंडं बांधली. मग तिसरीही काठोकाठ भरली आणि गुपचूप कोठीमागे सारली. येणारी सून इंजिनिअर आहे म्हणतात.