कॅबिनेटच्या आतला रंग

माझ्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला आतून गंज चढला होता. सगळे भाग काढून तो रिकामा पत्र्याचा डबा मी गास गावाच्या रस्त्यावर, स्कूटर रंगवणाऱ्या एका माणसाकडे नेला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तोंडाला फडकं बांधलेला, चाळिशीचा माणूस. डब्यात काळ्या रंगाचा एक फवारा मारायचा, बाहेर येऊन शेजारच्या पीसीओकडे बघायचा, परत आत जायचा.

"कुणाचा फोन यायचाय का?" मी विचारलं.

"बायकोचं ऑपरेशन चाललंय वसईला. भाऊ हाय तिथं, तो करनार फोन. मला तिथं बसवेना." दारातल्या अर्धवट रंगवलेल्या स्कूटरकडे त्याने बोट केलं. "तिला आज हात लावत नाय, हात कापतो. तुमचं आतलं काम, कोन बघनार?"

तरी कोपऱ्यात रंग ओघळला की तो चिडून पुसायचा आणि पुन्हा मारायचा. मलाही मग तिथून निघवेना.

पीसीओवाल्याने हाक मारली, तेव्हा तो जागचा हललाच नाही. "तुमीच घ्या," म्हणाला. मी धावत जाऊन रिसीव्हर कानाला लावला. पलीकडून त्याचा भाऊ ओरडत होता, "दादा, वहिनी शुद्धीवर आली! तुलाच विचारतेय!"

मी सांगितलं. तोंडावरचं फडकंही न सोडता तो सायकलवर बसून सुटला.

थोड्या वेळाने एक गिऱ्हाईक आलं. "दुकान उघडं टाकून गेला कुठं हा?"

"आज येणार नाही. बायकोचं ऑपरेशन झालंय," मी म्हटलं.

"मग उद्या येतो." त्याने गाडी वळवली आणि पुन्हा थांबवली. "बरी आहे ना पण ती?"

"बरी आहे," मी घरच्या माणसासारखं सांगितलं.