वरचा वाटा

माझं माहेर निपाणीजवळ, बोरगावच्या अंगाला. तिथं पाणी म्हणजे विहीर आणि विहीर म्हणजे भांडण. आमच्या विहिरीवर चुलत्यांच्या पाळ्या ठरलेल्या असायच्या. पाळी चुकवली म्हणून माझे दोन चुलते एकमेकांच्या पोरींच्या लग्नालाही गेले नाहीत. तंबाखूच्या रोपांना घागरीनं पाणी घालत मी मोठी झाले. पाण्याच्या तोंडाशी जो बसला तो मालक, बाकीच्यांनी त्याची मनधरणी करायची, एवढं शहाणपण मी माहेराहून पक्कं करून आणलं होतं.

सासर खानापूरकडं, रानाला लागून. आमची भाताची खाचरं उतारावर एकाखाली एक होती, पायऱ्यांसारखी. सगळ्यात वर फणसाच्या झाडाखाली झरा. झऱ्याचं पाणी वरच्या खाचरांत उतरायचं, ती भरली की बांधाच्या तोंडातून खालच्या खाचरांत, आणि उरलंसुरलं ओढ्याला. सासरे होते तोवर कुणाचं वरचं आणि कुणाचं खालचं हा प्रश्नच नव्हता. सगळं एकाच चुलीवर शिजायचं.

सासरे गेले. त्यांचं वर्षश्राद्ध झाल्यावर दोघा भावांनी वेगळं व्हायचं ठरवलं. आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली असतील तेव्हा. भांडण म्हणाल तर मुळीच नव्हतं. पोरं वाढली होती आणि चुलीपुढं आम्हा दोघी जावांना एकमेकींची कोपरं लागत होती, एवढंच.

त्या गावची वाटणीची रीत मला तेव्हा कळली. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. म्हणजे पाडणारा आपोआप सरळ पाडतो. ऐकायला छान आहे. पण आमच्यात थोरले हे, आणि ह्यांच्या हातात वाटणी म्हणजे माझ्या जिवाला घोर. ताटातली भाकरीसुद्धा मोडून आधी दुसऱ्याला देणारा माणूस हा. लग्नाच्या आधी मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

ह्यांनी दोन वाटे पाडले. वरची खाचरं झऱ्यासकट एक वाटा. ती लहान, पण पाण्याच्या तोंडाशी. खालची दुसरा वाटा. ती मोठी, ऐसपैस, गाडीवाटेला लागलेली.

"आणि झरा?" मी विचारलं.

"झऱ्याचं काय?"

"तो सगळा एकाच वाट्यात?"

"मग काय त्याला मधोमध चिरू व्हय?" असं म्हणून हे हसत सुटले. मला हसू आलं नाही.

उचलायचा दिवस आला. माझी सगळी भिस्त भाऊजींच्या हावरेपणावर होती. खालची मोठी खाचरं बघून ते तीच उचलतील, झरा आपल्याकडं राहील, असं मी मनात धरून चालले होते. गावातले एक म्हातारे पंच म्हणून ओसरीवर येऊन बसले. भाऊजी उठले, पंचांच्या पाया पडले, ह्यांच्या, म्हणजे आपल्या अण्णाच्या, पाया पडले आणि म्हणाले, "मला वरचा वाटा."

माझ्या हातातला चहा सांडला नाही, हेच नवल. हे मात्र खुशाल पान लावत बसले होते. आत जाऊन मी जावेच्या तोंडाकडं बघितलं. ती खाली मान घालून तांदूळ निवडत होती. बायको गरीब गाय आणि नवरा आतल्या गाठीचा, मी मनात म्हटलं. माझा तेव्हा अगदी तिळपापड झाला होता.

त्या वर्षी लावणी झाली आणि पुढं पाऊसही बरा होता. गणपती गेले आणि पावसानं दडी मारली. भात पोटरीला आलेलं, कणीस बाहेर पडायच्या बेतात. त्या दिवसांत पाणी तुटलं की कणसात दाणा भरत नाही, हे मला इथं येऊन कळलं होतं. खालच्या खाचरांतलं पाणी आटलं, चिखल सुकला, मग तडे दिसायला लागले. आमचं वर्षाचं पोटाचं भात त्यात उभं होतं. दुसरं काही नव्हतं.

"वर जाऊन बघा की एकदा," मी ह्यांना म्हटलं.

"मागायला जायाचं व्हय? त्येलाबी नसंल. असतं तर सोडलं असतं त्येनं."

आणखी थोडे दिवस मी दम धरला. मग एका सकाळी पोरांना भाकरी बांधून शाळेत धाडलं, खांद्यावर फावडं टाकलं आणि बांधाबांधानं वर निघाले. चढताना काय काय बोलायचं ते सगळं जुळवत होते. माझ्या चुलत्यांचं रक्त अंगात होतंच.

वर पोचले तर भाऊजी झऱ्याच्या तोंडाशी वाकून बसलेले. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि दोन्ही हातांनी एक भला थोरला दगड त्या तोंडात बसवत होते.

"बुजवा, बुजवा!" मी ओरडले. "आमची पोरं उपाशी मरू देत आणि तुम्ही तोंड बुजवा!"

त्यांनी वर बघितलं. माझ्याकडं, मग माझ्या फावड्याकडं.

"वैनी, आधी ही खाचरं बगा," ते म्हणाले.

तेव्हा कुठं मी बघितलं. त्यांच्या खाचरांतही तडे होते, आमच्यापेक्षा रुंद. खेकड्यांनी बांध पोखरून काढला होता आणि झऱ्याचं सगळं पाणी परभारे ओढ्याला चाललं होतं. ती भोकं शोधून बुजवण्यात त्यांचा आठवडा गेला होता. तो दगड तोंड बुजवायला नव्हता. त्याच्यावर छिन्नीनं दोन सारख्या खाचा पाडल्या होत्या. एकीतून पाणी त्यांच्या खाचरांत, दुसरीतून बांधाकडच्या पाटानं आमच्यात. कुणी उघडायचं नाही आणि कुणी मिटायचं नाही.

माझा राग एकदम कुठं जाईना. तो अर्ध्यातच अडकला. मी विचारलं, "पाणी असं सारखंच वाटायचं होतं, तर मग झरा कशाला उचललात?"

भाऊजी हात धूत हसले. "अण्णाचा सोभाव तुमाला म्हायती न्हाय व्हय? त्यो वर असता तर सगळं पाणी आधी मला सोडून मोकळा झाला असता. तुमी उपाशी राहिला असता, आन् मला कळलंबी नसतं. म्हणून म्हटलं, तोंडाशी आपणच बसावं. लई बेभरवशाचा माणूस हाय त्यो."

मी फावडं खाली ठेवलं आणि बांधावरच बसले. मला हसू यायला लागलं आणि डोळ्यांतही पाणी आलं. इतक्या दिवसांची छातीवरची धोंड उतरली होती. माझ्या नवऱ्याला माझ्याइतकं ओळखणारं माणूस त्या गावात आणखी एक आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं.

दगड बसला, पाणी वळलं. मी त्याच्याबरोबरच खाली उतरत आले. पाणी पाटातल्या तड्यांत शिरताना बुडबुडे यायचे, आणि एकेक तडा पुरा पिऊन झाल्यावरच ते पुढं सरकायचं. दुपारपर्यंत ते आमच्या पहिल्या खाचरात आलं. हे बांधावर उभे होते. पाणी बघून त्यांचा चेहरा इतका फुलला, की मला लग्नाचा दिवस आठवला.

"आलं की गं!" ते म्हणाले. मग जरा थांबून, वर बघत, "त्येची खाचरं भरली का पर? का तशीच सोडून दिलं आमाला? थांब, मी वर जातो आन् आपलं तोंड जरा बुजवून येतो. आधी त्येचं भरू दे."

आणि खरंच त्यांनी माझ्या हातातलं फावडं घ्यायला हात पुढं केला.

मी ते दिलं नाही. घरी आणलं आणि भात कापून होईपर्यंत माझ्या अंथरुणाखाली ठेवलं.