सुनेनं शिकवलेलं

निवृत्त झाल्यावर मुलानं मला कॉम्प्युटर घेऊन दिला, असं मी लोकांना सांगत असे. खरं म्हणजे तो त्याचाच जुना होता. ऑफिसमधून त्याला लॅपटॉप मिळाला, हा नुसता जागा अडवायला लागला, म्हणून माझ्या खोलीत आला. त्याच रविवारी त्यानं मला एक ब्लॉगही उघडून दिला. मी बरेच दिवस मागे लागलो होतो. त्यानं उभ्याउभ्याच सगळं केलं आणि म्हणाला, "लिहा आता."

मी वरठीच्या पोलादाच्या कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी केली. ट्रक भरलेला तोलायचा, रिकामा तोलायचा, पुढचा बोलवायचा. त्या खिडकीतून जी माणसं दिसली त्यांच्याबद्दल लिहावं असं फार वर्षं मनात होतं. लिहायला लागलो तसं भराभर आलं. पण ब्लॉगवर गेल्यावर त्याचा नुसता ढीग दिसायचा. एक ओळ दुसरीवर चढलेली, परिच्छेद कुठे संपला ते कळत नसे. माझ्यासोबत निवृत्त झालेला एक जोडीदार फोन करून म्हणाला, "लिवतं चांगला गा, पण वाचतानी डोये दुखतात."

हे मी चहाच्या वेळी सुनेला सांगितलं. सून अड्याळची. घरी धानाची शेती. ती रोज एसटीनं भंडाऱ्याला कॉलेजात जायची. बीएस्सी झाली आणि आमच्या घरात आली. नात तेव्हा नुकती पाय धरून उभी राहायला शिकली होती. सून कप ठेवून स्क्रीनकडे पाहत राहिली. मग वरच्या एका बटनावर बोट ठेवून तिनं विचारलं, "मामाजी, हे कायचं आहे?"

मी कधी दाबलं नव्हतं. तिनं दाबलं, आणि माझा लेख कंसांनी भरून गेला. टोकदार कंस, त्यात इंग्रजी अक्षरं, मध्ये कुठेकुठे माझी मराठी अडकलेली. मला वाटलं, केलेलं सगळं बिघडलं. म्हटलं, बंद कर बाई. तिनं बंद केलं. लेख पुन्हा जसाच्या तसा दिसायला लागला तेव्हा जीवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मोबाइल घेऊन आली. स्वयंपाक करता करता तिनं व्हिडिओ पाहिला होता. ते कंस म्हणजे एचटीएमएल, ती सांगायला लागली. कुठे परिच्छेद सुरू होतो, कुठे संपतो, कोणता शब्द ठळक, हे त्यात लिहून सांगायचं. आणि रंग, आकार, दोन ओळींतलं अंतर, ते सीएसएस. मला त्यातलं निम्मंही कळलं नाही. तिलाही सगळं कळलं नव्हतं, हे तिच्या बोलण्यावरून दिसत होतं. पण ती खुर्चीवर बसली, मी खाटेवर, आणि आम्ही सुरुवात केली.

वेळ दुपारचीच. माझी बायको जेवून आडवी व्हायची, नात पाळण्यात. तासभर मिळायचा. सून एक गोष्ट करून दाखवायची आणि खुर्चीवरून उठायची. "आता तुमी," म्हणायची. मी दोन बोटांनी टाइप करायचो. सुरू केलेला टॅग बंद करायचं विसरायचो. एकदा एका माणसाचं नाव लाल करायला गेलो तर तिथून खालचं सगळं पान लाल झालं. ती तोंडाला पदर लावून हसली. मग म्हणाली, "चूक शोधा. मी नाही सांगणार."

मराठीसाठी कोणी काही सांगितलेलं नव्हतं. व्हिडिओ सगळे हिंदीत नाहीतर इंग्रजीत, उदाहरणं इंग्रजी. आमचं आम्हालाच ठेच खाऊन कळलं. ओळी जवळ असल्या की वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात. इंग्रजीला पुरतं तेवढं अंतर मराठीला पुरत नाही. अक्षरं सुटी दिसावीत म्हणून तिनं त्यांच्यातलं अंतर वाढवलं, तर शिरोरेषाच तुटली. मजकूर दोन्ही बाजूंनी सरळ कापून घेतला, तर मोबाइलवर शब्दाशब्दांत खड्डे पडले. हे सगळं तिनं एकेक करून सुधारलं. हात चालत असताना ती काही बोलत नसे. झालं की मान वाकडी करून लांबून पाहायची.

माझे जुने लेख आम्ही पहिल्यापासून नीट केले. त्या जोडीदाराचा पुन्हा फोन आला. आता पुस्तकासारखं दिसते, म्हणाला. मी सांगितलं, सुनेनं केलं. तो म्हणाला, नशीबवान आहेस. तेव्हा मी होतो.

मग एका दुपारी तिनं विचारलं की तिनं एखादं लिहिलं तर चालेल का. मी म्हटलं, विचारतेस काय. तिनं अड्याळचं लिहिलं. आईसोबत बाजाराला जायची, आई सौदा करायची तेव्हा ही मागे उभी राहून कोणत्या बाईच्या हातात काय आहे ते पाहायची, एवढंच. मी ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी इतकी वर्षं मनात घोळवून जे लिहीत होतो त्याच्याहून ते चांगलं होतं, आणि तिला त्याची काही कल्पना नव्हती. शेवटी उजव्या कडेला, बारीक राखाडी अक्षरात तिनं आपलं नाव टाकलं. मोठं कर म्हटलं तर ऐकेना.

हळूहळू लोक तिचंच वाचायला यायला लागले. माझ्या लेखाखाली कारखान्यातले दोघं-तिघं "छान" लिहायचे. तिच्या लेखाखाली कुठकुठल्या बाया येऊन चार-चार ओळी लिहायच्या. मला हेवा वाटला नाही असं नाही. पण आनंद जास्त होता. मुलाला हे माहीत होतं. तो भंडाऱ्याच्या ऑफिसात मोटारसायकलनं जायचा, संध्याकाळी यायचा, जेवता जेवता मोबाइल पाहायचा. एकदा मी त्याला म्हटलं, तिचं वाच एखादं. वाचतो म्हणाला.

नंतर तिनं डब्यावर लिहिलं. सकाळी भाजी चिरण्यापासून डबा भरण्यापर्यंत आणि संध्याकाळी तो रिकामा होऊन घासायला येण्यापर्यंत. तक्रार कुठेच नव्हती. थोडी मजाच होती. एका ठिकाणी तिनं लिहिलं होतं की भाजी कशी झाली हे घरात कोणी सांगत नाही, परत आलेला डबाच मला सांगतो. हे वाक्य तिनं वेगळं काढलं. मागे फिकट पिवळा रंग दिला, डाव्या बाजूला जाड रेघ ओढली. ती रेघ किती जाड ठेवावी यावर आमची पूर्ण दुपार गेली होती. फार सुंदर दिसत होतं. मी तो लेख आमच्या निवृत्त लोकांच्या ग्रुपवर टाकला.

त्यातल्या एकाचा मुलगा माझ्या मुलाच्याच ऑफिसात होता. त्यानं त्या पिवळ्या चौकटीचा फोटो काढला आणि ऑफिसच्या ग्रुपवर पाठवला. दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा माझ्या मुलानं डबा उघडला आणि कोणीतरी विचारलं, आज डबा काय सांगणार घरी जाऊन? सगळे हसले. एवढंच झालं. हे मला त्याच्याकडून कळलं नाही, नंतर त्या जोडीदाराकडून कळलं.

त्या संध्याकाळी मुलगा जोडे न काढता माझ्या खोलीत आला. सून स्वयंपाकघरात होती. तिच्याकडे त्यानं पाहिलंही नाही. मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाला, "बाबूजी, हे कायले शिकवलं तुमी तिले?"

मी म्हणालो, "मी नाही शिकवलं. तिनं मले शिकवलं."

त्यानं हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. मला वाटलं, वाचेल आता, निदान ते पूर्ण पान तरी वाचेल. तो म्हणाला, "मंग तर अजूनच बेकार झालं."

मग बोलणं वाढलं. तो म्हणाला, बायकोनं घरातलं बाहेर मांडलं, आणि बाप ते वाटत फिरतो. मी म्हटलं, त्यात तुझ्याविरुद्ध एक शब्द नाही. तो म्हणाला, शब्द कोण पाहते, लोक हसतात तेवढंच दिसते. माझी बायको दारात येऊन उभी राहिली. तिनं मुलाचीच बाजू घेतली. बाईमाणसानं असं नावानिशी लिहायचं कशाला, आणि तुम्हाला या वयात काही कळत नाही का, लेकराचा संसार मोडता काय, असं ती मला म्हणाली. मी ओरडलो की हा ब्लॉग माझा आहे, यातलं काही निघणार नाही.

तेव्हा सून आत आली. कणकेचे हात होते. ते तिनं पदराला पुसले आणि मला म्हणाली, "काढून टाका, मामाजी."

मी नाही म्हटलं. ती खुर्चीवर बसली आणि तिनं स्वतःच काढायला सुरुवात केली. आधी डब्याचा लेख. मग बाकीचे. मुलगा मागे उभा होता. डब्याचा गेला तेव्हा तो थांब म्हणेल असं वाटलं, कारण राग त्या एकाच लेखाचा होता. तो नुसता पाहत राहिला. अड्याळच्या लेखावर तिचा हात क्षणभर थांबला, मग तोही गेला. ती उठली आणि पोळ्या लाटायला गेली. रात्री सगळे वेळेवर जेवलो.

त्यानंतर ती माझ्या खोलीत चहा आणायची, ठेवायची आणि जायची. मी एकटाच लिहीत राहिलो. काही दिवसांनी एक फोटो काही केल्या मजकुराच्या बाजूला बसेना. तो सारखा मध्येच येऊन ओळी तोडत होता. तिनं हे मला कितीतरी वेळा करून दिलं होतं. मी तिला विचारलं.

"मले आठवत नाही, मामाजी," ती म्हणाली.

तिला आठवत होतं. ती माझ्याकडे न पाहता बोलली आणि कप उचलून गेली. मुलाच्या सगळ्या बोलण्यानं लागलं नव्हतं तेवढं मला ते लागलं. मी कोणाच्या बाजूला आहे याची तिला खात्री राहिली नव्हती, की बाजूनं असलेल्या माणसाचाही आता तिला त्रासच व्हायचा, ते मला अजून कळलेलं नाही.

पुढच्या वर्षी मुलानं बदली मागून घेतली आणि तिघं नागपूरला गेली. मुलीची पुढची शाळा हे कारण सांगितलं. वरठीहून नागपूर काही लांब नाही, पण येणं सणासुदीपुरतं उरलं. फोन मुलगा करतो. सून मागून आवाज देते, "बरे आहात ना?" एवढंच.

गेल्या दिवाळीत आम्ही दोघं तिकडे गेलो. मुलानं ऑफिसातल्या दोन-तीन घरांना फराळाला बोलावलं होतं. नात आता चौथीत आहे. तिला कोडिंगचा क्लास लावला आहे, हे मुलगा आल्यापासून सांगत होता. पाहुणे बसल्यावर त्यानं लॅपटॉप भिंतीवरच्या टीव्हीला जोडला. नातीनं स्वतः बनवलेलं पान दाखवलं. दिवाळीच्या शुभेच्छा, खाली दिव्याचं चित्र, मागे जांभळा रंग. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलगा म्हणाला, "आमच्या घरात हे शिकणारी ही पहिली." मला म्हणाला, "पाहा बाबूजी, एचटीएमएल म्हणतात याला."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो मला टोमणा मारत नव्हता. तो खरंच विसरला होता. टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

सून चिवड्याच्या प्लेटा देत होती. नातीनं तिला विचारलं, "आई, तुला येतं का गं हे?"

"नाही गं बाई," सून म्हणाली आणि पुढची प्लेट उचलली.

मला राहवलं नाही. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "येते तिले. हे सगळं तिनं मले शिकवलं. तिचं लेखन लोक शोधत यायचे."

एका पाहुणीनं कौतुकानं सुनेकडे पाहिलं आणि विचारलं की काय लिहायच्या तुम्ही. सून म्हणाली, असंच काहीतरी, फार जुनं आहे. मुलगा हसला आणि म्हणाला, बाबूजींना सगळ्यांचंच कौतुक. मग त्यानं नातीला दुसरं पान उघडायला सांगितलं. हसताना त्यानं सुनेकडे पाहिलं ते मी पाहिलं.

थोड्या वेळानं मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. ती चहाचं आधण ठेवून ओट्याजवळ उभी होती. मला वाटलं, इतक्या वर्षांनी का होईना, कोणीतरी तिचं नाव घेतलं याचं तिला बरं वाटलं असेल. खरं सांगायचं तर मी ते ऐकायलाच गेलो होतो.

ती हळू आवाजात म्हणाली, "कायले बोलले तुमी, मामाजी? तुमी उद्या गावाले जाल. मले इथं राहायचं आहे."

तिनं माठातलं पाणी काढून ग्लास माझ्या हातात दिला आणि चहात साखर टाकायला वळली. बाहेरून मुलानं हाक मारली, पाहुणे निघायच्या घाईत आहेत, चहा लवकर आण. आणते, म्हणाली. मी ग्लास घेऊन बाहेर आलो आणि बायकोशेजारी बसलो. टीव्हीवर नातीचं दुसरं पान लागलं होतं. मुलगा पाहुण्यांना समजावून सांगत होता की कोणत्या ओळीमुळे अक्षरांना रंग येतो, आणि चुकीची ओळ दाखवत होता.