एफएम सरळ रेषेत जातं

आमचे बाबा अमरावतीजवळच्या भातकुलीत भाजीपाला पिकवत. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. रेडिओचं वेड मात्र जुनं. मीडियम वेव्हवर आभाळ गडगडलं की खरखर, शेजारच्या विहिरीवरची मोटर सुरू झाली की खरखर, आणि त्या सगळ्याच्या मागून कोणीतरी बाजारभाव सांगत असायचा. तो त्यांना बरोबर ऐकू येतो, मी मारलेली हाक तेवढी येत नाही, असं आई म्हणायची.

मी अकोल्याच्या एका एफएम केंद्रावर लागले, तेव्हा यात खरखर कावून नसते, हा त्यांचा पहिला प्रश्न. मला शिकवायची हौस दांडगी. जुन्या रेडिओत आवाजाप्रमाणे लहरीची उंची कमीजास्त होते आणि वीज, मोटर यांचा गोंगाटही त्या उंचीवरच येऊन बसतो, असं मी सांगितलं. एफएममध्ये उंची तीच राहते. आवाजाप्रमाणे लहरी कधी दाट होतात, कधी विरळ, तिफणीतून बी पडावं तशा. उंचीवर बसलेला गोंगाट रेडिओ सरळ छाटून टाकतो.

"म्हंजे तणाचं निंदण करते," बाबा म्हणाले. इतकं नेमकं मलाही कोणी शिकवलं नव्हतं.

तोटा एवढाच, की या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. मीडियम वेव्हसारख्या जमिनीला धरून लांब पोचत नाहीत. भातकुली आमच्या टॉवरच्या टप्प्याबाहेर होती. हेही मी सांगितलं होतं.

नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात बाबा न सांगता अकोल्याला आले. केंद्राच्या फाटकाशी उभे, पायजम्यावर चिखल, खांद्यावर वांग्यांची थैली. माझ्या शेजारी साहेब होते. मला लाज वाटली. "बाबा, मी ड्युटीवर असते, असं अचानक येत नका जाऊ," मी म्हटलं. ते बरं म्हणाले आणि पुढच्या एसटीनं परत गेले. मी त्यांना साधं पाणी विचारलं नाही.

पुढे मला रविवारी सकाळचा भाजीपाल्याचा कार्यक्रम मिळाला. संध्याकाळी बाबांचा फोन. "आयकलं मी तुले. आवाज बसेल होता तुया." आवाज खरंच बसला होता, पण तो फोनवरही कळत होता. दोन-तीन रविवार मी ऐकून घेतलं. मग माझा पारा चढला. लहरी तिथे पोचूच शकत नाहीत, मला खूश करायला खोटं कशाला बोलता, असं मी त्यांना सुनावलं. ते बरं म्हणाले. त्यानंतर त्यांनी कार्यक्रमाचं नाव काढलं नाही आणि मला माझं शास्त्र खरं ठरल्याचं समाधान वाटलं.

गेल्या थंडीत बाबा गेले. मेथीच्या वाफ्यात बसल्या बसल्याच. तेरवीला शेजारच्या शेतातले काका माझ्याजवळ येऊन बसले. बाबा दर रविवारी एसटीनं मूर्तिजापूरला जायचे, असं त्यांनी सांगितलं. मूर्तिजापूर म्हणजे अमरावती-अकोल्याच्या अर्ध्या वाटेवरचं गाव. पहिल्या रविवारी बाबा खिडकीशी रेडिओ कानाला लावून बसले होते आणि जिथे माझा आवाज लागला तिथे उतरले. मग तेच ठिकाण ठरलं. स्टँडवरच्या बाकावर बसून तासभर ऐकायचे आणि परत फिरायचे. आईला वाटे, बाजारात गेलेत.

खोटं बोलता म्हणून मी झापलं, तेव्हाही ते हे बोलले नाहीत. मी काकांना विचारलं, तिथवर येत होते तर पुढे अकोल्याला का आले नाहीत?

"म्या बी इचारलं होतं," काका म्हणाले. "म्हने, पोरगी आत्ता बोलून रायली, म्हंजे ड्युटीवर आहे. तिले तरास कायले द्या?"

मी बाबांना लहरींची उंची सांगितली, दाटी सांगितली, पृथ्वीची गोलाई सांगितली. कार्यक्रम शुक्रवारीच रेकॉर्ड होतो, हे सांगायचं राहिलं. रविवारी मला सुट्टी असायची. बाबा मूर्तिजापूरच्या बाकावर मला ऐकत बसलेले असत, तेव्हा मी अकोल्यात, खोलीसमोर, केस धुऊन उन्हात बसलेली असायचे.