लल्लनचा राजीनामा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — तिच्या वडिलांचाच मामला आहे. तुम्ही निवांत बसला आहात, म्हणून सांगतो.

दुर्गाघाटावर बुद्धिबळवाले दादा म्हणून विचारा, कुणीही माझं घर दाखवील. उभा जन्म स्पर्धा भरवण्यात गेला — सतरंज्या घाला, पट मांडा, भांडणं सोडवा, चहा सांगा. पुढे बॅकगॅमनचं, त्या फाशांच्या विलायती खेळाचं, वेडही गल्लीला मीच लावलं. मजेत गेले दिवस, खोटं कशाला बोलू? खोटं बोललो ते एकदाच — आणि तेच तर सांगायचंय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शेजारच्या गल्लीत लल्लनचं भांड्यांचं दुकान होतं. तो देशी पद्धतीने खेळायचा. स्पर्धेचे नियम त्याला मी शिकवले, अगदी प्यादं पहिल्या खेळीला दोन घरं जातं इथपासून. त्या वर्षी जिंकणारा लखनौला बनारसतर्फे खेळायला जाणार होता. शेवटचा डाव लल्लन आणि अप्पांचा. अप्पा म्हणजे माझे सासरे. नोकरी संपवून साताऱ्याहून काशीवासाला आले होते, दूधविनायकला खोली घेऊन राहायचे. हिंदी भाजी घेण्यापुरती. आणि माझ्याविषयी मत काय? ‘सोंगट्या ढकलणारा जावई.’ चारचौघांत म्हणायचे. लागायचं हो मला.

लल्लन अर्ध्या गुणाने पुढे होता, बरोबरी झाली तरी लखनौ त्याचंच. डाव अडला. दोघांनाही पुढे सरकायला जागा राहिली नाही. तेव्हा लल्लनने हात जोडले — “अप्पाजी, अब राजीनामा कर लिया जाए?”

आता बघा. हिंदीत राजीनामा म्हणजे समेट, दोघंही राजी. आणि आपल्यात? अप्पांनी आपला ऐकला. चेहरा असा फुलला! लल्लनचा हात धरून गदागदा हलवला आणि मोहरे गोळाही करून टाकले. लल्लनही हसत होता. दोघांनाही हवं ते मिळालं होतं.

दोन्ही भाषा पोटात घेऊन जन्मलेला तिथे मी एकटाच — आणि पंचही मीच. एक वाक्य बोलायचं होतं. फार होतं का ते? पण अप्पा माझ्याकडे वळले. “जावईबापू, बघितलंत?” त्या डोळ्यांत माझ्याबद्दल कौतुक मी पहिल्यांदा पाहिलं. आणि मी जाहीर केलं — अप्पा विजयी.

लल्लन गोंधळला. “हमने तो बराबरी कही थी, भइया.” मी चढ्या आवाजात सांगितलं, खेळात राजीनामा म्हणजे हार, कायदाच आहे तसा. तो म्हणाला, “आप कहते हैं तो यही होगा.” बाकीचे सगळे कायदे माझ्याकडूनच शिकला होता; याच एकावर शंका का घेईल?

अप्पांचे गुडघे लखनौला जायला तयार होईनात. शेवटी कुणीच गेलं नाही. लल्लनच्या आईने प्रवासासाठी बेसनाचे लाडू करून ठेवले होते. तो डबा लल्लन आमच्याकडे घेऊन आला, अप्पांच्या विजयाचे म्हणून. मी खाल्ले — वर आणखी एक मागून घेतला. चांगले झाले होते.

त्यानंतर अप्पा घाटभर माझं कौतुक सांगत फिरायचे. आमच्या घरातले ते सर्वांत गोड दिवस. लल्लनने मात्र बुद्धिबळ सोडलं. कुणा परदेशी पाहुण्याने मागे ठेवलेला बॅकगॅमनचा पट मी त्याच्यासाठीच बाहेर काढला. त्याला आवडला. “इसमें पासा बोलता है, आदमी चुप,” म्हणाला. माझं ते प्रसिद्ध बॅकगॅमन असं सुरू झालं.

अजूनही संध्याकाळी येतो तो. आम्ही दोघं म्हातारे, खेळतो, हसतो, सुखात आहोत. डाव हातचा गेला की हात पुढे करून म्हणतो, “लीजिए भइया, राजीनामा.” त्याच्या स्वतःच्या भाषेतला शब्द — आणि अर्थ मी दिलेला.

काल आपल्या नातीला शिकवत होता. ती म्हणाली, राजीनामा तर सुलह को कहते हैं, बाबा. लल्लन हसला. “खेल में नहीं, बिटिया. खेल में माने हार. भइया से पूछ लो.”

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.