यादीतला ‘चालतो’

पनवेलला आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं ऑफिस होतं. नवी ऑपरेटिंग सिस्टिम आली आणि गिऱ्हाइकांनी एकच घोशा लावला, आमचे जुने प्रोग्राम तिच्यावर चालणार का? मालकांनी त्याची यादी करणं माझ्या गळ्यात मारलं. प्रोग्राम टाकायचा, माहिती भरायची, बंद करून पुन्हा उघडायचा. माहिती दिसली की पुढे ‘चालतो’ लिहायचं. ऑफिसात आम्ही तिघंही एकाच लॉगिनने काम करायचो. वेगळं काढायचा कंटाळा, दुसरं काय.

त्या यादीच्या भरवशावर एका दवाखान्यातला पेशंटच्या नोंदींचा जुना प्रोग्राम नव्या सिस्टिमवर गेला. तिथे सकाळी एक बाई बसायच्या, संध्याकाळी दुसऱ्या, दोघी आपापल्या लॉगिनने. नवी सिस्टिम जुन्या प्रोग्रामला मूळ फाइलला हात लावू देत नव्हती. ज्याचं लॉगिन, त्याच्या फोल्डरात ती गुपचूप वेगळी प्रत ठेवायची. सकाळी लिहिलेलं संध्याकाळी दिसायचंच नाही. एका लॉगिनवर बसून मला हे कळणार होतं, कपाळ!

उरणकडची एक मासळी विकणारी बाई संध्याकाळी तापाने फणफणत आली. एक इंजेक्शन तिला चालत नव्हतं. नोंद दिसली नाही, नेमकं तेच दिलं. ती त्यातच गेली. घरच्यांनी सांगितलंच नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले.

पुढे दवाखान्यातलं मशीन तपासायला गेलो तेव्हा सकाळच्या फोल्डरात ती नोंद सापडली. त्याच दिवशी त्या बाईची मुलगी आईचे कागद न्यायला आली होती. मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिने सावकाश वाचलं.

“मंग मी सकाळी येऊन सांगितलं व्हतं,” ती म्हणाली. “मलाच वाटाया लागलं, इसरले.”

“प्रोग्राम चालतो असं मी लिहिलं होतं. चूक माझी आहे,” मी म्हणालो. तिने शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

“बाबा माज्याशी बोलत नाय. तुज्यामुळं आई गेली म्हनतो. तुमी घरी येऊन त्याला सांगाल?”

मी हो म्हणालो.

मालकांना सांगितलं, तर ते म्हणाले, तिकडे गेलास तर इकडे परत येऊ नकोस. मग यादीत एक ओळ वाढवली, प्रत्येक लॉगिनने वेगळं तपासावं. तिच्या घरी मी गेलो नाही.